पगार योग्यतेनुसार

मुंबई-गोवा महामार्गाने पेण सोडून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला, अलिबागचा फाटा जेथे फुटतो ते वडखळ मागे पडते न पडते तोच, उजव्या हाताला धरमतर खाडीच्या अंगाने धुराड्यांची, भट्ट्यांची आणि आकाशात आडव्या गेलेल्या वाहक पट्ट्यांची जी प्रचंड आकृती दिसू लागते, ते डोलवीचे पोलाद-संकुल होय. नव्वदीच्या दशकात इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेला आणि २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यू समूहाकडे गेलेला हा कारखाना आज वर्षाकाठी सुमारे एक कोटी टन पोलादाची क्षमता राखून आहे. पुढे नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत आणि अलिबागकडे थळचा खतकारखाना, अशी ही सारी वस्ती कारखान्यांच्या सावलीत आलेली असल्यामुळे, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खारबंदिस्ती राखून भात पिकवले त्या घरांतील मुलांच्या भवितव्याचा विचार आता ‘कंपनीत लागला की नाही’ या एकाच प्रश्नाभोवती फिरावा, हे स्वाभाविकच आहे.

कंपनीत लागणे म्हणजे काय, हे मात्र बाहेरच्या माणसाला वाटते तितके सरळ नाही. मूळ मालक, त्याचा ठेकेदार, ठेकेदाराचा पोटठेकेदार आणि सर्वांत शेवटी माणसे गोळा करणारा मुकादम, अशी जी साखळी कोणत्याही मोठ्या उद्योगाभोवती उभी राहते, तिच्या शेवटच्या कडीपाशी नोकरी मागणारा उभा असतो. आणि त्याच्या हाती जी जाहिरात पडते, मग ती नाक्यावर चिकटवलेली असो की मोबाईलवर फिरत आलेली असो, तिच्यात फिटर, वेल्डर, रिगर, हेल्पर पाहिजेत, अनुभव अमुक वर्षांचा, वय तमुक, असा सारा तपशील असून पगाराच्या जागी ‘योग्यतेनुसार’ एवढेच लिहिलेले असते. त्याच मुलाने तलाठी पदाची सरकारी जाहिरात उघडली, तर तेथे २५,५०० ते ८१,१०० ही वेतनश्रेणी अर्ज करण्यापूर्वीच त्याच्यापुढे मांडलेली असते. शासनाने आपल्या शिपायाचा पगार जगाला सांगावा आणि खासगी ठेकेदाराने वेल्डरचा पगार वेल्डरलाही सांगू नये, या विसंगतीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तीत काही वावगे आहे असे वाटतही नाही.

ही सवय मोडण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत परदेशी नेटाने सुरू आहेत. नोकरीच्या जाहिरातीत किमान वेतन नमूद करण्याची सक्ती ऑस्ट्रियाने २०११ मध्ये केली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक जाहिरातीत वेतनाची खालची व वरची मर्यादा सांगणे मालकावर बंधनकारक केले. पाठोपाठ २०२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क शहराने, आणि २०२३ च्या आरंभी कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन राज्यांनी तोच मार्ग धरला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जे निर्देशपत्र काढले ते आणखी पुढे जाते. उमेदवाराला मुलाखतीपूर्वी वेतनाचा पल्ला कळला पाहिजे, त्याचा मागचा पगार विचारण्यास मालकाला मनाई असावी, आणि स्त्री-पुरुषांच्या सरासरी वेतनात किमान पाच टक्क्यांचे, समर्थन करता येणार नाही असे अंतर निघाले, तर कामगार-प्रतिनिधींसह त्याची तपासणी व्हावी, अशा त्याच्या अटी असून त्या आपापल्या कायद्यांत उतरवण्यास सदस्य राष्ट्रांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.

मागचा पगार विचारू न देण्याची अट वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याची पहिली नोकरी नाइलाजाने कमी पगारावर धरली गेली, त्याच्या पुढल्या प्रत्येक नोकरीची बोली त्या पहिल्या आकड्यापासूनच सुरू होते, आणि तरुणपणीचे दारिद्र्य अशा रीतीने आयुष्यभराचे मोल होऊन बसते. मला स्वतःला ही अट पल्ल्याच्या अटीहूनही मोलाची वाटते.

आकडा उघड असण्याने काय साधते, हे दोन स्त्रियांच्या खटल्यांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सिद्धान्ताने होणार नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिका होत्या. १९७५ च्या समान वेतनाच्या अध्यादेशाची जागा पुढल्या वर्षी रीतसर कायद्याने घेतली. पुरुष लघुलेखकांइतकेच काम करूनही आपल्याला कमी वेतन मिळाले, अशी तक्रार त्यांनी या कायद्याखाली केली, आणि ती पायरीपायरीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. कंपनीचा आधार होता व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात झालेल्या लेखी कराराचा. परंतु त्याच कराराच्या कागदावर दोन्ही वर्गांचे वेतन नोंदलेले असल्यामुळे तुलना करणे न्यायालयाला अवघड गेले नाही, हेही तितकेच खरे. दुसरी स्त्री अमेरिकेतील गुडइयरच्या टायर-कारखान्यातील पर्यवेक्षक लिली लेडबेटर. तेथे पगार गुप्त ठेवण्याचा प्रघात होता. आपले पुरुष सहकारी आपल्याहून अधिक मिळवतात हे कोणा अनामिकाने ठेवलेल्या चिठ्ठीवरून त्यांना कळले, तेव्हा नोकरीची जवळजवळ वीस वर्षे होत आली होती. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुदत टळून गेल्याच्या कारणावरून त्यांचा दावा फेटाळला. कायदा दुरुस्त झाला तो २००९ मध्ये. लेडबेटरबाईंचे वेतन बुडाले ते बुडालेच.

आता आपल्याकडे असे काहीच नाही, अशी समजूत करून घेणे मात्र अन्यायाचे होईल. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळवण्याची सक्ती करणारा कायदा आपण १९५९ मध्येच केला. पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू करता येत असे, आणि पदाची माहिती देण्याच्या त्याच्या नमुन्यात वेतन व भत्ते यांसाठी स्वतंत्र रकाना होता. परंतु ही माहिती द्यावयाची ती सरकारी कार्यालयाला. भिंतीवरच्या जाहिरातीवर तिचे बंधन नव्हते. शिवाय तीन महिन्यांहून कमी मुदतीची कामे त्यातून वगळलेली होती. कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे थांबवून जी ‘शटडाउन’ची कामे निघतात, ती बहुधा काही आठवड्यांचीच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या अपवादाचे महत्त्व ध्यानात येईल. त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

त्याहून अर्थपूर्ण तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कामगारांच्या प्रत्येक वर्गाचे वेतनदर, वेतनाचा कालावधी आणि पगाराची तारीख दर्शविणारी सूचना आस्थापनेच्या फलकावर ठळक जागी लावणे, आणि प्रत्येकाला वेतनपावती देणे, हे तिने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांत तर अशी सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा स्थानिक भाषेतही लावावी, आणि मूळ मालकाच्या कामगारासारखेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला त्याच्याइतकेच वेतन मिळावे, असेही म्हटलेले होते. इतकेच काय, शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला तिच्या प्रत्येक संचालकाचे वेतन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हे कंपनी कायद्याप्रमाणे दरवर्षी छापावे लागते. म्हणजे मुंबईतील भागधारकाला हे गुणोत्तर घरबसल्या वाचता येते. डोलवीजवळच्या गडब किंवा कासू गावच्या आयटीआय झालेल्या मुलाला मात्र आपल्याला रोज किती मिळणार, हे कळण्यासाठी आधी गेटपास मिळवून आत जावे लागते.

आपल्या कायद्याची खरी उणीव येथे आहे. फलक आहे, पण तो फाटकाच्या आत आहे. तो वाचण्याचा अधिकार ज्याने बोली आधीच मान्य केली त्यालाच मिळतो. पूर्वी गावात बलुतेदाराचा वाटा खळ्यावर, चारचौघांच्या देखत मापून दिला जाई, आणि सुताराला किती मिळाले हे लोहाराला ठाऊक असे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही कामाचे मोल ही लपवण्याची गोष्ट आहे, ही कल्पना तिच्यात नव्हती.

जाहिरातीत पल्ला छापण्याच्या सक्तीवर आक्षेप आहेत, आणि ते सारेच स्वार्थी नाहीत. न्यूयॉर्कमध्ये काही मालकांनी पल्ला इतका रुंद दिला की त्यावरून काहीच कळू नये. डेन्मार्कमध्ये स्त्री-पुरुषांचे वेतन उघड करणे मोठ्या आस्थापनांना भाग पडल्यावर अंतर कमी झाले खरे, पण ते मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे, असे संशोधकांना आढळले. नॉर्वेत प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न पाहता येते; परंतु २०१४ पासून कोणी पाहिले हे ज्याचे त्याला कळू लागले, तेव्हा शेजाऱ्याची मिळकत शोधणाऱ्यांची गर्दी झपाट्याने ओसरली. कुतूहल सर्वांना असते. कुतूहलाची नोंद झालेली कोणालाच रुचत नाही.

डोलवीच्या टापूत मात्र यांतील एकही अडचण मुख्य नाही. येथे मासिक पल्ला छापला, तरी तो आठ तासांच्या पाळीचा की बारा तासांच्या, त्यात जादा कामाचे पैसे धरले आहेत की काय, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्साही त्याच आकड्यात मिसळला आहे की काय, हे न सांगितल्यास अठरा हजारांची जाहिरात पंधरा हजारांच्या जाहिरातीहून वाईट ठरू शकते. म्हणून महाराष्ट्राने असा नियम करावयाचा झाल्यास, कोलोरॅडोची नक्कल पुरेशी होणार नाही. पाळीचे तास, हजेरीचा दर आणि कपात जाऊन हाती पडणारी रक्कम जाहिरातीत आली पाहिजे; आणि तिच्यावर मुकादमाच्या मोबाईल क्रमांकाऐवजी ठेकेदाराचे व मूळ मालकाचे नाव असले पाहिजे, कारण ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी १९७० च्या कायद्याने मूळ मालकावरच टाकलेली होती. असा नियम होईपर्यंत, नाक्यावर मुकादमापाशी उभ्या राहणाऱ्या मुलाने पगाराआधी विचारावयाचे ते हे, की हजेरी किती तासांची धरणार, आणि वेतनपावती कोणाच्या नावाने निघणार.