चार हजार ओळी आणि एक वही

झवेरी बाजारातल्या आंगडियाच्या हाती हिऱ्यांचे पुडके सोपवताना व्यापारी आधी त्याची पत पाहतो. पुडक्यात काय आहे हे रस्त्यावर कोणाला कळत नाही. पण कोणाचे पुडके कोणाकडे चालले आहे, हे आंगडियाला ठाऊक असते. ‘व्हीपीएन’ ही व्यवस्था जवळपास अशीच. आपल्या संगणकातली माहिती कुलूपबंद होऊन दुसऱ्या एका संगणकापर्यंत जाते आणि तिथून पुढे जगात पोचते. मधल्या इंटरनेट कंपनीला फक्त बंद पेटी दिसते. विश्वास ठेवण्याची गरज मात्र संपत नाही. ती इंटरनेट कंपनीकडून व्हीपीएन चालवणाऱ्याकडे सरकते, एवढेच. जाहिरातींत हे सहसा सांगत नाहीत.

मग पेटी पारखायची कशी? ओपन सोर्सवाल्यांचे उत्तर असे की, तिचा आराखडाच चारचौघांत मांडा. जेम्स योनान यांनी २००१ साली ‘ओपनव्हीपीएन’ असेच खुले केले. कुलपांसाठी त्यांनी ‘ओपनएसएसएल’ या दुसऱ्या खुल्या संचाचा आधार घेतला. त्याच संचात एप्रिल २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ ही फट सापडली. दोन वर्षे ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. कोड लाखो ओळींचा, आणि तो सांभाळणारे मूठभर.

जेसन डोनेनफेल्ड यांच्या ‘वायरगार्ड’चे महत्त्व इथे आहे. २०१७ साली त्यांनी त्याची मांडणी शोधनिबंधात केली. लिनक्ससाठीचा त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा. एका माणसाला काही दिवसांत वाचून होईल असा. जुन्या साधनांत दोन टोके आधी कोणते कुलूप वापरायचे याची घासाघीस करतात, आणि हल्लेखोर त्यांना कमकुवत कुलपाकडे ढकलू शकतो. वायरगार्डने ही घासाघीसच काढून टाकली; कुलूप एकच. अनोळखी माणसाने दार वाजवले तर आतून उत्तरही येत नाही. २९ मार्च २०२० रोजी लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीतून ते सर्वांपर्यंत पोचले. भारतातल्या टाळेबंदीचा तो पाचवा दिवस होता.

गाभा लहान ठेवला की उरलेले काम बाहेरच्यांवर येते. किल्ल्या कोणी कोणाला द्यायच्या, फोनवर ते कसे चालवायचे, दुसऱ्या कार्यप्रणालींत कसे बसवायचे, हे सारे जोडकाम. त्यातून चांगली साधने निघाली. ‘टेलस्केल’ ही सेवा वायरगार्डच्या गो भाषेतल्या आवृत्तीवर उभी आहे. पण जोडकामात काय होऊ शकते हे फ्रीबीएसडीने पाहिले. अनेक सर्व्हर आणि फायरवॉल चालवणाऱ्या या खुल्या प्रणालीत २०२०च्या अखेरीस वायरगार्ड दाखल झाले. एका कंपनीने पैसे देऊन ते लिहून घेतले होते. मार्च २०२१मध्ये डोनेनफेल्ड यांनी ते नीट वाचले, तेव्हा तपासणीची काही फंक्शन काहीही न तपासता ‘बरोबर’ म्हणत होती, आणि दोन प्रक्रियांची टक्कर टाळायला कोडला मध्येच थोडा वेळ झोपवले होते! दोन सहकाऱ्यांसह त्यांनी आठवडाभरात ते नव्याने लिहिले. तरीही फ्रीबीएसडीने १३.० या तोंडावर आलेल्या आवृत्तीतून ते काढूनच टाकले. मला तो निर्णय योग्य वाटतो. २०२३ साली १३.२मध्ये ते परतले. सदोष कोड खुलाच होता, आणि तोवर एका फायरवॉलमधून तो लोकांच्या हाती पोचलाही होता.

आता आंगडियाच्या वहीकडे वळू. २८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या ‘सर्ट-इन’ने आदेश काढला: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क आणि वापराचे कारण पाच वर्षे जपावे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट मिळाली. ‘एक्स्प्रेसव्हीपीएन’सह काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. पेटीचा कोड कितीही खुला असला, तरी अशी वही ठेवली आहे की नाही, हे त्या चार हजार ओळींत कुठेच लिहिलेले नसते. म्हणून काहीजण परदेशातला लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर स्वतःच वायरगार्ड बसवतात. वही मग त्यांच्याच ताब्यात राहते. यंत्र मात्र दुसऱ्याचे, आणि भाड्याच्या पावतीवर नाव त्यांचेच.