टॉवर कुणाच्या जमिनीवर?

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पण अंगठा नुसता मशीनवर उमटून भागत नाही. तो दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत यावा लागतो. टेंभली तापी खोऱ्यातल्या सपाटीवर आहे. तिथून उत्तरेला सातपुडा चढून धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदेकडच्या पाड्यांत गेले, की रेंजसाठी टेकडी चढणारी माणसे भेटतात. रेशनचे मशीन काखोटीला मारून टेकडीवर निघालेला दुकानदारही मी पाहिला आहे. मोबाइल टॉवर कुठे आणि केवढा असावा, हा प्रश्न इथे पुण्या-मुंबईसारखा विचारून चालत नाही.

शहरातला वाद मुख्यतः लहरींच्या भीतीचा. केंद्राने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली; ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॅट येते. ‘टॉवर उंच नको’ ही मागणी मात्र या भीतीच्या हिशेबानेही उलटी आहे. अँटेनाचा झोत समोर, किंचित खाली झुकून जातो. थेट पायथ्याशी तो क्षीण असतो, आणि अँटेना जितका उंच तितका झोत लोकांच्या डोक्यावरून जातो. उंचीचा खरा संबंध पोहोचीशी. चाळीस मीटरच्या टॉवरचे क्षितिज सपाटीवर पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरते. सातपुड्यात मात्र डोंगराची एक सोंड आडवी आली, की पलीकडचा पाडा अंधारात.

ठरवायचे कुणी, हा त्यापुढचा प्रश्न. टॉवरवर मालमत्ता कर बसवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात मान्य केले. तेव्हा कराचा अधिकार शाबूत राहिला. नकाराचा मात्र आटत गेला. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने खासगी जागेवरच्या टॉवरला स्थानिक संस्थेच्या परवानगीची गरज ठेवली नाही. खासगी इमारतीवर उभारायचा असेल तर आगाऊ लेखी कळवले की झाले. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. लहरींनी अपाय होतो याला शास्त्रीय आधार पुढे आलेला नाही, हे त्यामागचे कारण. निकाल मला पटतो. पण ग्रामपंचायतीने लहरींखेरीज दुसरा मुद्दाच मांडला नाही, तर तिच्या हाती काय उरणार?

आता नंदुरबारकडे या. सपाटीवर बिगरआदिवासी शेतकऱ्याच्या बांधावर टॉवर उभा राहताना पंचायतीला फारसे विचारावे लागत नाही. डोंगरात चित्र पालटते. तिथली खातेदारी आदिवासींची, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ सांगते, की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाड्याने द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी हवी. त्याहून जास्त मुदतीला राज्य शासनाची मान्यताही हवी. टॉवरचे करार पाच वर्षांत मिटणारे नसतात. हे कलम जमीन लुबाडणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे आणि ते सैल करावे असे मला मुळीच वाटत नाही. पण टॉवरची फाइल त्याच दारातून जाते, हेही खरे.

राहिली वनजमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सुविधांची यादी आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडे आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान यांसाठी वनजमीन देता येते. त्या यादीत वीज व दूरसंचाराच्या ‘वाहिन्या’ आहेत. ‘टॉवर’ हा शब्द नाही. कायदा झाला तेव्हा दूरसंचार म्हणजे तार, असेच डोळ्यांसमोर असावे. आता एका शब्दाच्या अर्थावर टेकडीमाथ्याची जागा अडू शकते.

म्हणजे ग्रामसभेचा शब्द कायद्यात सर्वांत जड कुठे, तर जिथे लोकांना टॉवर हवाच आहे तिथे. चिखलहोळला ठराव विरोधाचा होता. इथे तो मागणीचा असतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांना मोबाइल सेवा देण्यासाठी ६,४६६ कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्र त्यांत आहे, आणि नंदुरबार आकांक्षित जिल्हाच. पण या आकड्यांचे एकक गाव आहे. सातपुड्यातले गाव म्हणजे चार-सहा पाडे, मधे दऱ्या. एका पाड्यावर रेंज आली, की कागदावर गाव जोडले गेले.

धडगाव तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मी मागे बसून ऐकत होतो. लहरींबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका बाईंनी उठून विचारले, “वरच्या पाड्यावर उभा केला तर खालच्या पाड्यावर फोन लागेल का?” मग लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ चालेल, हे दुसऱ्याने विचारले. ग्रामसेवकांनी दोन्ही प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतले.