विद्यापीठाची पदवी व जुन्या दप्तरांची सेवा : ठाणें-कळव्याच्या संबंधानें एक विचार

जुन्या कागदपत्रांचा शोध महाराष्ट्रांत ज्यांनीं आरंभिला त्यांत विद्यापीठाचे पदवीधर बरेच आढळतात. परंतु त्या पदवीचा व या कामाचा संबंध नेमका काय, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. पदवीनें त्यांस विषय दिला, पद्धति दिली, कीं केवळ पोटाची सोय करून दिली, हें पाहिलें असतां आजच्या पदवीधराकडून काय अपेक्षावें हेंही ठरवितां येतें. ठाण्याचे कै. विनायक लक्ष्मण भावे यांचें उदाहरण या विचारास फार सोईचें असल्यामुळें तेंच मुख्य धरून आम्ही हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजीं स्थापन झालें व 1862 सालीं त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांतील डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं पुढें मुंबई सरकारसाठीं संस्कृत पोथ्यांचा शोध करून त्याचीं प्रतिवृत्तें छापलीं. मराठी कागदांकडे वळली ती मागाहून आलेली पिढी. 1878 सालीं निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’चे संपादक काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक हे दोघेही बी. ए. होते. त्या काळीं पदवी म्हणजे सरकारी नोकरी, वकिली किंवा शाळेंतील जागा असेंच समीकरण असे. साने यांनींही शिक्षणखात्यांत नोकरी केली. पण सभासदाची व भाऊसाहेबांची बखर छापून काढण्याचें जें काम त्यांनीं केलें तें नोकरीचा भाग नव्हतें. पदवीनें अन्न दिलें व उरलेला वेळ त्यांनीं समाजास दिला, असा हा पहिला नमुना होय.

भावे यांचा नमुना याहून निराळा आहे. त्यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1871 चा. ठाण्यास पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजीं आली व पुढल्याच वर्षीं ती खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूनें कल्याणास पोहोंचली. या लोहमार्गामुळें खाडीच्या दोन्ही तीरांवरील मुलांस मुंबईचीं कॉलेजें जवळ आलीं. भावे यांनीं पदवी घेतली ती बी. एस्सी.ची, आणि व्यवसाय केला तो मिठाचा. ठाण्याच्या खाडीकांठीं मिठागरें जुनीं. त्या व्यापारांत विज्ञानाचा पदवीधर पडला यांत नवल नाहीं. नवल आहे तें असें कीं, 1 जून 1893 रोजीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यांत ते पुढाकार घेते झाले, तेव्हां त्यांचें वय अवघें 21 वर्षांचें होतें. मराठी ग्रंथ तेवढे एके ठिकाणीं जमवावे, हा हेतु त्या काळीं अगदीं नवा होता. मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें यानंतर पांच वर्षांनीं, 1898 सालीं.

पुढें त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्रबंध प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमालें’तून प्रसिद्ध झाला, व 1919 सालीं तो पुष्कळ वाढवून पुन्हां निघाला. 1903 पासून ‘महाराष्ट्र कवि’ या नांवाखालीं त्यांनीं जुन्या कवींचे ग्रंथ हस्तलिखितांवरून छापावयास घेतले. ‘मराठी दप्तर’ या मालेंत ऐतिहासिक कागदांचे रुमाल काढले. आणि सांकेतिक लिपींत अडकून पडलेल्या महानुभाव वाङ्मयाकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें.

विद्यापीठानें भावे यांस मोडी शिकविली नाहीं, जुनी मराठी शिकविली नाहीं, किंवा पोथीची प्रत कशी ताडून पाहावी हेंही सांगितलें नाहीं. विषय त्यांचा त्यांनींच मिळविला. मात्र विज्ञानाच्या अभ्यासांत जें अंगवळणी पडतें, म्हणजे नमुने जमविणें, त्यांची वर्गवारी करणें, जें पाहिलें तें दुसऱ्यास पडताळतां येईल असें नोंदविणें, तें सर्व त्यांच्या कामांत आढळतें, आणि तेंच आमच्या मतें पदवीचें खरें फळ होय. ‘महाराष्ट्र सारस्वतां’तील कांहीं विधानें मागाहून दुरुस्त झालीं, व डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं त्यास विस्तृत पुरवणी जोडली. दुरुस्त करतां यावा असा ग्रंथ लिहिणें हाही शास्त्रीय शिक्षणाचाच गुण समजला पाहिजे.

तथापि पदवीची महती याहून वाढविणें युक्त नव्हे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे व साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस हे दोघेही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. परंतु पटवर्धनी दप्तरावर खरेशास्त्र्यांनीं जें केलें तें कोणाही पदवीधरास भूषण व्हावें असें आहे. उलट कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे बी. ए. असून त्यांनीं पदवीपासून मिळणारें सुख जवळजवळ सोडूनच दिलें, व 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे 22 खंड काढले. त्यांनीं 1909 सालीं ज्ञानेश्वरीची जी जुनी प्रत छापिली तिची मूळ पोथी मात्र पुढें अभ्यासकांस उपलब्ध राहिली नाहीं. त्यामुळें त्या पाठाविषयींचे वाद मूळ पाहून मिटवितां येत नाहींत. संशोधकाची बुद्धि केवढीही असो, पोथी सार्वजनिक ठिकाणीं नसेल तर ती एका आयुष्यापुरतीच. राजवाडे व भावे हे दोघेही 1926 सालीं निवर्तले. ठाण्याचें ग्रंथसंग्रहालय मात्र आजही चालू आहे.

आतां कळव्याकडे वळूं. ठाण्याच्या समोरचें हें खाडीपलीकडील गांव 1982 पासून ठाणें महानगरपालिकेंत आहे. कॉलेजासाठीं मुंबई गांठण्याची गरजही आतां उरलेली नाहीं. खाडीच्या ठाण्याकडील कांठीं चेंदणीस 1969 पासून कॉलेज आहे. त्याच वर्षीं विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तींत विद्यार्थ्यानें वर्षास 120 याप्रमाणें दोन वर्षांत 240 तास समाजसेवेस द्यावयाचे असतात. भावे यांच्या वेळीं जी सेवा स्वेच्छेची होती तिला आतां विद्यापीठानेंच जागा करून दिली आहे.

या तासांपैकीं थोडे जुन्या कागदांस मिळावे, अशी आमची सूचना आहे. जुनीं घरें पाडून इमारती उठत असतां खाजणाच्या जमिनींचे, मिठागरांचे व वाटण्यांचे मोडी कागद रद्दींत जाण्यास एक दिवस पुरतो. मोडी व्यवहारांतून जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, त्यामुळें घरच्यांसही ते कागद वाचतां येत नाहींत. विद्यार्थ्यानें लगेच संशोधक व्हावें असें नाहीं. रुमालांतील कागदांचा मूळ क्रम मोडूं नये. मालकाचें नांव, कागदांची संख्या, आरंभ व शेवटची ओळ उतरून घ्यावी. तिथि असेल तशी लिहावी. छायाचित्र घेऊन मूळ कागद मालकास परत करावा. सुहूर सनांत 599 किंवा 600 मिळविले कीं इसवी सन येतो, एवढें गणित कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास कठीण नाहीं. अशी यादी ग्रंथसंग्रहालयांत दाखल झाली कीं पुढचें काम जाणत्यांचें.

पदवी कोणत्या विषयाची, हा प्रश्न यांत गौण आहे. मिठाच्या व्यापाऱ्यानें जें केलें तें वैद्यास, स्थापत्यविशारदास किंवा हिशेबनिसासही करतां येण्याजोगें आहे. आमच्या संग्राहक वाचकांस विनंति इतकीच कीं, असा एखादा तरुण दारीं आल्यास त्यास रुमाल सोडून दाखवावा व मोडीचीं चार अक्षरें शिकवावीं.