आई आत, मग मूल कुठे?

2018 मधल्या अमेरिकेच्या सीमेवरच्या बातम्या आठवतायत? आश्रय मागायला आलेल्या आईबापांना डांबलं आणि पाच हजारांहून जास्त मुलं त्यांच्यापासून तोडली. तेव्हा आपल्या ऑफिसांच्या कॅन्टीनमध्येही सूर एकच होता, 'असं कसं वागू शकतात हे लोक?'

हाच प्रश्न मला शिर्डीबद्दल विचारायचाय.

हो, शिर्डीच! शुक्रवारी ऑफिस सुटलं की ग्रुपने गाडी काढून आपण काकड आरती गाठतो, ती. एप्रिल 2025 मध्ये तिथे मोहीम काढून पन्नासेक भिक्षेकरी उचलले गेले. रवानगी श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात. तब्येत बिघडली म्हणून काहींना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं आणि काही दिवसांतच त्यांतले चौघं दगावले. हेळसांड झाली, असा नातेवाइकांचा आरोप होता.

यांचा गुन्हा काय? उत्तरासाठी मी 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा वाचायला घेतला आणि चाटच पडले. हात पसरलाच पाहिजे असं नाही. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि अवतार भिकाऱ्यासारखा, एवढंही पुरतं! वॉरंटशिवाय अटक होते. पहिल्यांदा दोषी ठरलात तर एक ते तीन वर्षं आत. पुन्हा पुन्हा सापडलात तर दहा वर्षं.

आणि पोरंबाळं? त्यांचीही सोय कायद्यात आहे. पूर्णपणे अवलंबून असलेल्या माणसालाही तेवढ्याच काळासाठी संस्थेत ठेवता येतं. स्वतःचं मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर ते आईबापाजवळ राहू शकतं. पाच पूर्ण झाली की त्याचा मामला बाल न्यायालयाकडे. म्हणजे ज्या वयात आपल्या भाच्यांची सीनियर केजीची अ‍ॅडमिशन चाललेली असते, त्या वयात या पोरांची ताटातूट होऊ शकते. 2015 चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. पण आईच आत असेल, तर त्या पोराला दुसरा उपाय उरतो कुठे?

खरं तर कुणाच्याही घरात भिक्षेसाठी शिरणं हीसुद्धा या कायद्याने भीकच. आणि साईबाबा शिर्डीतल्या पाच घरी भिक्षा मागत, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल!

रस्ते मोकळे हवेत, मुलांच्या नावाने भीक मागवणाऱ्या टोळ्यांवर कारवाई हवी, हे मलाही पटतं. पण टोळीवाला वेगळा आणि उपाशी आई वेगळी. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. गरिबीला गुन्हा ठरवता येत नाही, ही त्यामागची भूमिका.

महाराष्ट्रात मात्र एप्रिल 2025 मधली ती धरपकड झाली. अमेरिकेवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ती बातमी शेवटपर्यंत वाचली?