टाकीतला समुद्र

धर्मापुरीच्या उन्हाळ्यात घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळ-बेटांतला नाजूक फुलपाखरू मासा जगेल का? हिशेब करून पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. 100 लिटरच्या टाकीत साडेतीन किलो. कोरड्या हवेत 10 लिटर पाण्याची वाफ झाली, तरी क्षार मागेच राहतात! प्रमाण लिटरला 39 ग्रॅम होते. जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकताना मासा थकतो. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून घट रोज गोड्या पाण्यानेच भरून काढावी, खाऱ्या नव्हे. परंतु या माशांच्या काही जाती केवळ जिवंत प्रवाळच खातात. त्या टाकीत उपाशी मरतात. त्यांना समुद्रातच राहू द्यावे.