रात्रीचं घर, दिवसाचा दाणा

या अंकाच्या वाचकाला कोंबडी कशी पाळावी हे सांगायची गरज नाही. जातींचे तक्ते, लसींची वेळापत्रकं, पिल्लांचं ब्रूडिंग हे सगळं सरकारी पुस्तिकांत वर्षानुवर्षं छापून येतंच आहे. मानमोडीची लस वेळेवर द्या, एवढं म्हणून मी पुढे सरकतो. मला बोलायचंय ते त्या पुस्तिका अर्ध्या पानात उरकतात अशा दोन गोष्टींवर: परसातली कोंबडी रात्री कुठे निजते, आणि दिवसा कशी खाते.

माझं म्हणणं जुनंच आहे आणि ते ऐकून कंटाळलेले लोकही बरेच आहेत. खुराडं रात्रीसाठी असतं आणि दाणा दिवसाच्या उद्योगासाठी. आपण नेमकं उलटं करून बसलो. दिवसा कोंबडीला कोंडलं, दाणा तिच्या चोचीशी नेऊन ठेवला, आणि रात्रीच्या घराकडे पाहायला कुणाला सवड राहिली नाही.

सुरुवात डालग्यापासून करू. कळकाच्या कामट्यांचं, वर निमुळतं होत गेलेलं, रात्री तोंडावर दगड ठेवलेलं डालगं मी अनेक जिल्ह्यांत पाहिलं. दिवेलागणीला कोंबड्या डालणं हे घरातल्या पोरांचं काम असे. हवा खेळती राहण्याच्या बाबतीत डालग्याला तोड नाही. दोष त्याच्या तळात आहे, कारण त्याला तळच नाही. कोंबडी रात्रभर स्वतःच्या विष्ठेवर बसते, आणि घुशीनं जमीन उकरली की सकाळी नुसती पिसं मिळतात. डालग्याचा खरा उपयोग दिवसाचा. नुकती पिल्लं काढलेली कोंबडी आत ठेवायची. पिल्लं फटींतून बाहेर जाऊन दाणे टिपतात आणि घारीची सावली पडली की आईच्या पोटाखाली परततात. इतकं स्वस्त आणि इतकं बिनचूक ब्रूडर आजवर कुठल्या कारखान्यानं बनवलेलं नाही.

दुसरा प्रकार जोत्यातल्या खुराड्याचा. पडवीच्या पायरीखाली किंवा गोठ्याच्या भिंतीत ठेवलेला कोनाडा, त्याला एक सरकती फळी. कोकणातल्या माझ्या मावशीकडे असंच खुराडं होतं. त्याची मोठी सोय म्हणजे ते माणसांच्या अंथरुणाजवळ असायचं. रात्री कोंबड्यांनी कालवा केला की मावशी कंदील घेऊन आधी पायरीशी पोहोचायची, साप असो की रानमांजर. पण आत हवा नाही. सकाळी फळी सरकवली की अमोनियाचा भपकारा डोळ्यांत पाणी आणायचा. ज्या हवेनं माणसाचे डोळे चुरचुरतात, तीच हवा कोंबडी रात्रभर छातीत भरून घेत असते. हिवाळ्यात घरघर सुरू झाली की लोक थंडीला दोष देतात. थंडी कोंबडी सोसते. तिला मारते ती कोंदट ओल.

आता माझ्या लाडक्या मचाणी खुराड्याकडे येतो. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद ओलांडावेत.

चार खांब, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच. सिंधुदुर्गात माणगा, घाटावर मेस, जो बांबू हाताशी असेल तो. तळाला कामट्या, दोन कामट्यांत बोटभर फट, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि नख अडकत नाही. खाली पालापाचोळा पसरला की कोंबडखत आपोआप साठतं. आत काठ्या, कडा घासलेल्या, साधारण दोन इंच रुंद. कोंबडी काठीवर बसली की पाय दुमडतात आणि बोटं आपोआप पकड घेतात, त्यामुळे झोपेत ती घसरत नाही. काठ्या अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हव्यात, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी बरबटतात. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद-उंच असं एक खोकं पुरतं. फक्त रात्रीपुरतं घर असेल तर दर देशी कोंबडीमागे एक चौरस फूट खूप झालं. दिवसाही आतच ठेवणार असाल तर दोन-अडीच फूटसुद्धा कमीच.

हवा छपराच्या लगत, काठ्यांच्या वरून वाहायला हवी. निजलेल्या पक्ष्याच्या छातीवर झोत नको. कौलांचा कणा पूर्व-पश्चिम ठेवला की ऊन आत घुसत नाही. कोकणात पश्चिमेची बाजू पावसाळ्यापुरती झापांनी बंद करायची. विदर्भात त्याच बाजूला मे महिन्यात ओलं गोणपाट सोडायचं, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग निववते. खांबांना पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळली की उंदीर वर चढत नाही. आणि जाळी? ती स्वस्तातली षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. मुंगूस दिवसा येतो, उदमांजर आणि घूस रात्री. दाराची कडी यांतल्या कुणालाही उघडता येणार नाही अशी हवी.

या मचाणाला 'अशास्त्रीय' म्हणणारे एक विद्वान होते. बांबूच्या फटींत गोचीड लपते, हा त्यांचा आक्षेप. लपते, यात शंका नाही. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत दडते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. पण ती लोखंडी पिंजऱ्याच्या सांध्यातही दडते. तेवढ्यासाठी बांबू टाकायचा नसतो. दरवर्षी दिवाळीनंतर कामट्या बदलायच्या आणि खांबांना चुना फासायचा. उंचीवर झोपायची ओढ कोंबडीला मी शिकवलेली नाही. तिचे रानातले भाऊबंद रात्र झाडावरच काढतात. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो राखी रानकोंबडा, आणि पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचं जनुक त्याच्याकडून आलं, असं 2008 च्या संशोधनातून पुढे आलं. पाय घेतले, मग सवयही घ्यावी.

पिंजऱ्यांचं युग मी भराभर उरकतो. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, 1982 मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती आली, आणि पुणे या धंद्याचं एक मोठं केंद्र झालं. त्यानं अंडं स्वस्त झालं, हे श्रेय द्यायलाच हवं. युरोपीय संघानं जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांवर 2012 पासून बंदी घातली, आपल्याकडे चर्चा सुरूच आहे. माझी तक्रार कारखान्याशी नाही. कारखान्याचं तर्कशास्त्र परसात आणणाऱ्यांशी आहे.

ते परसात आलं योजनांच्या वाटेनं. सुधारित पक्षी चांगलेच होते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज, हैदराबादच्या प्रकल्पाचे वनराज आणि ग्रामप्रिया. रंगीत, काटक, देशीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देणारे. पिल्लं वाटली गेली, पण घराचा विचार कागदावर शेवटच्या रकान्यात राहिला. एका गावात मी वाटपातले लोखंडी पिंजरे पाहिले होते. बायकांनी त्यात शेळीचा पाला ठेवला होता आणि कोंबड्या आंब्यावर निजत होत्या. बायका शहाण्या होत्या. त्यात या सुधारित कोंबड्या खुडूक क्वचितच बसतात, म्हणून पुढची पिल्लं पुन्हा उबवणी केंद्राकडूनच आणायची. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, पण स्वतःच्या पोटाखाली तिची पुढची पिढी तयार असते.

मग 2006 च्या फेब्रुवारीत नवापूर झालं. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो तिथल्या मोठ्या पोल्ट्रींत, पण आसपासच्या परसातल्या कोंबड्याही पोत्यांत भरून गेल्या. तेव्हापासून मोकळी कोंबडी म्हणजे धोका, असा सूर लागला. पाणवठ्यावरच्या जंगली पक्ष्यांपासून कोंबड्या दूर ठेवा, पाण्याची भांडी झाका, साथीत काही आठवडे जाळीच्या अंगणात ठेवा, हे सगळं मान्य. पण कायमचं कोंडणं हा उपाय नव्हे.

आता दाण्याच्या भांड्याकडे वळू. ताटलीत दाणे ओतले की कोंबडी पायानं उधळते, त्यातच हगते आणि निम्मं मातीत जातं. म्हणून टांगतं भांडं आलं. त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवा आणि भांडं एक-तृतीयांशच भरायचं, म्हणजे नासाडी थांबते. जुन्या टायरची कुंडी, उभा चिरलेला बांबू, पीव्हीसी पाइपचे तुकडे, सगळं चालतं. पायपट्टीवर उभं राहिलं की झाकण उघडतं, असं परदेशी धाटणीचं भांडं हल्ली शहरात मोठ्या किमतीला विकलं जातं. ते उंदरांना दूर ठेवतं, ही खरी गोष्ट. पण ते जड विलायती कोंबडीसाठी बेतलेलं. आपली गावठी जेमतेम सव्वा किलोची. ती पट्टीवर उभी राहते, झाकण ढिम्म हलत नाही. उंदरांवर उतारा सोपा आहे. संध्याकाळी भांडं घरात न्या. रात्री कोंबडी खात नाही, उंदीर खातात, आणि लेप्टोची साथ पाहिलेल्या सिंधुदुर्गात उंदीर पोसण्याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

पण भांडं कितीही चांगलं असलं तरी कोंबडीचं समाधान त्यात नाही, हा माझा दुसरा हट्ट. मॅरियन डॉकिन्स या इंग्लंडमधल्या संशोधिकेनं 1989 मध्ये तांबड्या रानकोंबड्यांच्या दिनक्रमाचा अभ्यास छापला. त्यांना दाणा नियमित मिळत होता, तरी दिवसातल्या साठ टक्के मिनिटांत त्या जमीन टोचताना दिसल्या. फुकट दाणा समोर असतानाही प्राणी कष्टाचा दाणा शोधतात, हे उंदरांवर 1963 मध्येच दिसलं होतं. पुढे कोंबड्यांतही तेच आढळलं, आणि स्वीडनमधल्या प्रयोगांत ही ओढ रानकोंबडीत लेगहॉर्नपेक्षा अधिक निघाली. हे काम काढून घेतलं की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. मग चोची कापण्याचे सल्ले सुरू होतात.

म्हणून खाऊ द्यायचा तो मिळवायला लावून. दुपारी चारच्या सुमारास मूठभर बाजरी किंवा भरडलेला मका पेंढ्यात उधळा. उकरत राहतात आणि भरल्या पोटानं निजतात. मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी चोचीच्या जरा वर टांगा, उड्या मारत खातील. एका प्लॅस्टिकच्या बाटलीला भोकं पाडून दाणे भरा, ढकलत फिरवतील. मे महिन्यात कलिंगडाच्या साली द्या. पश्चिम आफ्रिकेतले शेतकरी ओलं शेण आणि पाला भरलेलं मडकं उपडं ठेवून वाळवी गोळा करतात आणि पिल्लांना घालतात. आपल्याकडे वाळवी कमी आहे का? ती फुकट आहे आणि प्रथिनांनी भरलेली आहे.

पथ्य एवढंच की खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापुढे नको. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-एकशेवीस ग्रॅम खाते. ते पोट कण्या-कोंड्यानं भरलं तर प्रथिनं कुठून यायची? खारट खरकटं नको, बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड तर मुळीच नको. आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, संध्याकाळच्या आधी. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री घडतं. दिवसाचा दाणा आणि रात्रीचं घर यांची गाठ शेवटी कोंबडीच्या पोटातच पडते.

2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या एकतीस कोटींच्या वर गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 46 टक्क्यांनी वाढल्या. कोंबड्या वाढल्या, त्यांना नीट निजवणारे घटले. बुरुडाकडे डालगं मागितलं तर तो लग्नाच्या सजावटीची टोपली दाखवतो. पत्र्याच्या पेटीत दहा गावठी कोंबड्या कोंडून त्यांना 'फ्री रेंज' म्हणत दुप्पट दरानं अंडी विकणारे फार्महाऊसवाले मला 'जुन्या जमान्यातले' म्हणतात. म्हणू देत. त्यांनी एकदा पहाटे ती पेटी उघडून आत डोकं घालावं. मग वाद घालायला मी मोकळाच आहे.