साथीचं बिल कोणी भरलं?

फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबई महापालिकेनं येत्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडलं. त्यावरचा आकडा होता 33,441 कोटी रुपये. त्याच महिन्यात गोवा राज्यानं मांडलेलं अंदाजपत्रक 21,056 कोटींचं होतं. म्हणजे एका शहराची महापालिका एका अख्ख्या राज्याच्या दीडपटीहून जास्त खर्च करायला निघाली होती. 2011 च्या जनगणनेतले 1 कोटी 24 लाख मुंबईकर धरले, तर माणशी जवळपास 26,900 रुपये. दिवसाला साडेएक्क्याण्णव कोटी. मिनिटाला सव्वासहा लाखांहून अधिक. बँकांमधल्या मुदत ठेवी यात धरलेल्याच नाहीत. त्या सुमारे 79,000 कोटींच्या होत्या.

11 मार्चला शहरात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले.

देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला साथीच्या खर्चाची काय चिंता, असं तेव्हा अनेकांना वाटलं. आजही वाटतं. पण तिजोरीत असलेला पैसा आणि हाताशी असलेला पैसा यांत फार अंतर असतं. त्या ठेवींत कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी होता, निवृत्तिवेतनाची तरतूद होती, कंत्राटदारांच्या अनामत रकमा होत्या, सागरी किनारा मार्गासारख्या मोठ्या प्रकल्पांसाठी बाजूला काढलेले पैसे होते. वार्षिक अंदाजपत्रकाचंही तेच. लाखभर कर्मचाऱ्यांचे पगार, सेवानिवृत्तांचं निवृत्तिवेतन, धरणांतून शहरात पाणी आणणं, कचरा उचलणं, नाले उपसणं ही कामं साथ आली म्हणून थांबत नाहीत. मिनिटाला सव्वासहा लाख खर्च करणाऱ्या यंत्रणेत ऐन वेळी वळवता येईल असा पैसा पाहायला गेलं तर थोडाच निघतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. फेब्रुवारी 2021 मध्ये पुढचं अंदाजपत्रक आलं, त्यात सरत्या वर्षाचे सुधारित अंदाज होते. महसुली उत्पन्न 28,448 कोटी येईल असं धरलं होतं. ते 22,572 कोटींवर आणावं लागलं. तूट 5,876 कोटींची. तोवर कोरोनावर झालेला थेट खर्च होता सुमारे 1,600 कोटी. चाचण्या, खाटा, औषधं, विलगीकरण केंद्रं, रुग्णांचं जेवण, रुग्णवाहिका हे सगळं मिळून जेवढा पैसा गेला, त्याच्या साडेतीन पटींहून जास्त पैसा न आल्यामुळे गेला. शहराचं अर्थकारण साथीत कसं कोसळतं हे यातून कळतं. रुग्णालयाचं बिल डोळ्यांना दिसतं, त्याच्या बातम्या होतात. बंद दुकानांचा, थांबलेल्या बांधकामांचा, थकलेल्या मालमत्ता कराचा खड्डा दिसत नाही. तो दिवसाला सोळा कोटींनी खोल होत होता.

मालमत्ता करातून 6,768 कोटींची अपेक्षा होती. ती 4,500 कोटींवर आली. त्याच वर्षी कराची पंचवार्षिक फेररचना होणार होती. लोकांच्या हाताला काम नसताना कर वाढवणं शक्यच नव्हतं, म्हणून ती पुढे ढकलली, आणि ते योग्यच होतं. बांधकाम परवानग्यांतून विकास नियोजन खात्याकडे 3,879 कोटी येणार होते. त्याचे 1,200 कोटी झाले. या पडझडीत एकच खांब उभा राहिला. 2017 मध्ये जकात बंद झाली, तेव्हा तिच्या बदल्यात राज्याकडून दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी भरपाई कायद्यानं ठरवली गेली होती. ती सुमारे 9,800 कोटींची रक्कम शहर बंद असतानाही ठरलेली होती. जकात असती तर टाळेबंदीत नाक्यांवर काय जमलं असतं, याची कल्पना करवत नाही.

खर्चाची बाजू पाहू. 17 मार्च 2020 ला स्थायी समितीनं कोरोनाच्या खरेदीसाठी प्रशासनाला अधिकार दिले. एरवी निविदा, छाननी, समितीची मंजुरी यांत महिने जातात. इथे तासांचा प्रश्न होता. त्या दिवसांत हे अधिकार दिले नसते तर माणसं गेली असती. या निर्णयाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, हिशेबाकडे, पुढे यायचंच आहे.

पैशानं काय मिळतं याचा धडा चाचण्यांच्या दरांत आहे. मार्च 2020 मध्ये खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीची कमाल किंमत 4,500 रुपये ठरली होती. राज्य सरकार ती टप्प्याटप्प्यानं खाली आणत गेलं आणि मार्च 2021 अखेर ती 500 रुपये झाली. दिवसाला दहा हजार चाचण्या करायच्या तर जुन्या दरानं साडेचार कोटी लागले असते. तेवढ्याच पैशात नव्या दरानं नव्वद हजार चाचण्या होतात. खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दरही सरकारनं मे 2020 मध्ये बांधून दिले: साधी खाट दिवसाला 4,000, अतिदक्षता 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. एका शासकीय आदेशानं सामान्य कुटुंबांचे किती पैसे वाचले असतील, ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसणार नाही. साथीत सरकारचं सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वेळेवर काढलेला दरनियंत्रणाचा आदेश, असं मी म्हणेन.

दुसरं स्वस्त औषध धारावीत दिसलं. सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटर जागेत आठ-दहा लाख माणसं, आणि त्यांतली बहुतेक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा शहराचं काळीज थरारलं होतं. अशा वस्तीत अंतर राखा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. पालिकेनं दारोदारी तपासणी केली, साडेतीन लाखांहून अधिक लोकांची. शाळा, क्रीडा संकुलं, मंगल कार्यालयं विलगीकरणासाठी घेतली. आणि साडेचारशेच्या आसपास सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली. पाच वेळा धरलं तरी एका दिवसात 2,250 वेळा. ते काम करणारा सफाई कामगार, ताप मोजत फिरणारी आरोग्यसेविका, खासगी दवाखाना बंद करून पालिकेसोबत निघालेले वस्तीतले डॉक्टर हेच धारावीचं खरं भांडवल होतं. जुलै 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख जगापुढे उदाहरण म्हणून केला. मोठमोठ्या तात्पुरत्या रुग्णालयांच्या तुलनेत या कामाला लागलेला पैसा अगदी किरकोळ असणार.

पैसा असूनही काहीच विकत मिळत नाही, असे दिवसही आले. 4 एप्रिल 2021 ला शहरात एका दिवसात 11,163 रुग्ण नोंदले गेले. त्याच महिन्याच्या मध्याला एका रात्रीत सहा रुग्णालयांतले 168 रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले, कारण ऑक्सिजन संपत आला होता. आकडा लहान आहे, पण एकशे अडुसष्ट रुग्णवाहिका, एकशे अडुसष्ट नळकांडी आणि तेवढीच कुटुंबं डोळ्यांपुढे आणा. त्या रात्री ठेवींतले 79,000 कोटी एक लीटर ऑक्सिजनही तयार करू शकत नव्हते. नंतर पालिकेनं बारा रुग्णालयांत सोळा ऑक्सिजन प्रकल्प जाहीर केले: दिवसाला 43 टन, अंदाजे खर्च 90 कोटी. नव्वद कोटी म्हणजे या महापालिकेचा एका दिवसाचाही पूर्ण खर्च नव्हे. हे प्रकल्प आधीच्या दहा वर्षांत केव्हाही उभे राहू शकले असते. मुंबईनं त्या लाटेत ऑक्सिजन जपून वापरला, रोजची गरज सांभाळली, आणि मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मुंबईकडून शिका असं दिल्लीला सुचवलं, हेही खरं. सुमारे 92,000 उपचाराधीन रुग्ण असताना ते साधलं होतं.

लशीचंही तसंच. मे 2021 मध्ये पालिकेनं एक कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली. पैसे द्यायची तयारी होती. प्रस्ताव आले, पण लस बनवणारी कंपनी आपल्याला माल देईल याची खात्रीलायक कागदपत्रं कुणालाच दाखवता आली नाहीत. जूनमध्ये सगळे प्रस्ताव बाद झाले. एक कोटी मात्रांच्या मागणीतून एकही कुपी आली नाही. लशीसारखी वस्तू प्रत्येक शहरानं आपापली मिळवावी, ही व्यवस्थाच चुकीची होती. मुंबईची ही गत झाली, तर जालना, परभणी, नंदुरबारसारख्या शहरांनी कुणाच्या दारात उभं राहायचं होतं?

मग हा खड्डा भरला कशानं? इथे सगळ्यांत चक्रावून टाकणारा आकडा येतो. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारनं बांधकाम व्यवसायाला उभारी म्हणून बांधकामावरच्या अधिमूल्यात, म्हणजे जादा बांधकामासाठी विकासकांना भराव्या लागणाऱ्या रकमेत, वर्षअखेरपर्यंत पन्नास टक्के सवलत दिली. विकासक परवानग्यांसाठी धावले. 2021-22 साठी विकास नियोजन खात्याकडून फक्त 2,000 कोटींची अपेक्षा होती. सुधारित अंदाज गेला 14,750 कोटींवर. सातपटींहून जास्त. अर्ध्या दरानं विकून. मालमत्ता कराच्या मूळ अपेक्षेच्या दुप्पट रक्कम एफएसआयच्या, म्हणजे जमिनीवर किती बांधता येईल ते ठरवणाऱ्या चटई क्षेत्र निर्देशांकाच्या, अधिमूल्यातून आली. मुदत ठेवी साथीत आटल्या नाहीत, उलट 2022 पर्यंत 90,000 कोटींच्या पुढे गेल्या.

तिजोरीच्या दृष्टीनं हे यश आहे. मला मात्र हा आकडा बेचैन करतो. एफएसआय विकणं म्हणजे त्याच जमिनीवर आणखी मजले, आणखी माणसं, आणि तेच रस्ते, तीच गटारं, तेवढीच उद्यानं. ज्या दाटीमुळे मुंबईत साथ पसरते, तीच दाटी विकून साथीचं बिल भरलं गेलं. हा पैसा एकदाच येतो, दाटी कायमची राहते. आरोग्य खात्याची तरतूद 4,260 कोटींवरून 4,728 आणि 2022-23 मध्ये 6,933 कोटींवर गेली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तिच्याखाली दरवर्षी वाढणाऱ्या, भरवशाच्या उत्पन्नाचा पाया हवा.

आता हिशेब. कोरोनाचा एकूण खर्च पुढे चार हजार कोटींच्या वर गेल्याचं पालिकेनंच सांगितलं. नोव्हेंबर 2019 ते ऑक्टोबर 2022 या काळातल्या सुमारे 12,000 कोटींच्या कामांचं लेखापरीक्षण करायला राज्य सरकारनं कॅगला, म्हणजे देशाच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांना, सांगितलं. मार्च 2023 मध्ये अहवाल विधानसभेत आला. वीस कामं, 214 कोटींची, निविदा न काढता दिल्याचं त्यात आहे. आणि कोरोनाशी संबंधित 3,538 कोटी 73 लाखांच्या कामांची कागदपत्रं पालिकेनं दिलीच नाहीत, असंही आहे. कारण दिलं 1897 च्या साथरोग कायद्याचं.

हा कायदा मुंबईच्याच प्लेगमधून जन्मला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. आठ लाखांवर वस्तीच्या शहरातून पुढच्या काही महिन्यांत पावणेचार लाखांच्या आसपास माणसं पळाली. 4 फेब्रुवारी 1897 ला परकीय सरकारनं जेमतेम चार कलमांचा कायदा करून टाकला. घरात घुसण्याचे, माणसं उचलण्याचे अमर्याद अधिकार आणि सद्‌हेतूनं काम करणाऱ्याला संरक्षण. पुण्यात त्या अधिकारांतून काय घडलं ते प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. त्या कायद्याच्या आधारे सव्वाशे वर्षांनी, स्वतंत्र देशातल्या नागरिकांच्या पैशांचा हिशेब रोखला गेला. 3,538 कोटी म्हणजे माणशी सुमारे 2,844 रुपये. पाच जणांच्या कुटुंबाचे चौदा हजारांहून जास्त. या खर्चातल्या काही व्यवहारांची पोलिसांकडून आणि केंद्रीय यंत्रणेकडून चौकशी झाली. कोण दोषी ते न्यायालयं ठरवतील. पण चौकशी आणि लेखापरीक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. चौकशी संशयावरून सुरू होते. लेखापरीक्षण संशय नसतानाही व्हायला हवं, कारण रात्रंदिवस राबलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याचं आणि परिचारिकेचं नावही त्याच कागदांनी स्वच्छ राहणार असतं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतरची अंदाजपत्रकं प्रशासकानं मांडली आणि प्रशासकानंच मंजूर केली; सभागृहात उभं राहून हिशेब मागणारं कुणी उरलं नव्हतं.

निविदेशिवाय खर्चाची मुभा साथीत द्यावीच लागते. ती देणाऱ्या ठरावातच लिहिलेलं असावं की मुभा कधी संपेल, प्रत्येक खरेदीचा दर आणि पुरवठादार किती दिवसांत जाहीर होईल, आणि लेखापरीक्षकाला कुठलंही दप्तर नाकारता येणार नाही. राज्य सरकारनं हे महापालिका आणि नगरपालिका कायद्यांतच घालावं. आणि तुमचं गाव मुंबईएवढं नसेल, वीस-पंचवीस कोटींची नगरपालिका असेल, तरी तिचं अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. या वर्षी ते मागून घ्या. आरोग्याच्या पानावर मागच्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे दोन रकाने शेजारी असतील. त्यांतला फरक तुमच्या नगरसेवकाला विचारा, पुढची साथ येण्याआधी.